अनुरेखक

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला, की दुपारच्या जेवणानंतर तो माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर गार फरशीवर पालथा पडतो आणि खालच्या कप्प्यातले एकेक पुस्तक ओढून काढतो. यंदा त्याच्या हाती 'फँटॅस्टिक फोर' या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकच्या साठच्या दशकातील अंकांचे पुनर्मुद्रण असलेला जाड खंड लागला. बराच वेळ पंख्याचा आणि पाने उलटण्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्याने विचारले, "मामा, इथे पेन्सिलवाल्याचं नाव वेगळं आणि इंकरचं वेगळं आहे. इंकर म्हणजे दुसऱ्याने काढलेलं चित्र गिरवणारा ना?" मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "हो, तसंच" असे म्हणालो. त्याचे समाधान झाले आणि त्याने पान उलटले. मला मात्र पुढची बातमी वाचता येईना. तीच ओळ दोनदा वाचल्यावर मी वर्तमानपत्र घडी घालून ठेवले, चहा टाकायला उठलो, आणि चहाला उकळी येईपर्यंत त्या एका 'हो'ची टोचणी चांगलीच जाणवू लागली.

माझे वडील, अण्णा, अनुरेखक होते.

हा शब्द आता फारसा कोणाला ठाऊक नसावा. सरकारी बांधकामांच्या आणि पाटबंधाऱ्यांच्या कचेऱ्यांत आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन, हा एक हुद्दा असे आणि त्याच्या एक पायरी खाली अनुरेखक, म्हणजे ट्रेसर, हा दुसरा. आरेखकाने पेन्सिलीने नकाशा काढायचा, आणि अनुरेखकाने त्यावर ट्रेसिंगचे निळसर, गुळगुळीत कापड ताणून बसवून तो शाईने उतरवायचा. त्या कापडावरून मग छाप निघत, आणि त्या छापांना अमोनियाचा असा उग्र वास येई, की अण्णा घरी आले हे आम्हांला ते दिसण्यापूर्वी कळे. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. तीत कोणी काढला, कोणी उतरवला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला, अशा ओळी एकाखाली एक असत. दुसऱ्या ओळीसमोर अण्णांची आद्याक्षरे असत, तीही इतकी बारीक, की वाचायला डोळे किलकिले करावे लागत. काम तातडीचे असले, की कापडाची गुंडाळी घरी येई. जेवणाची ताटे उचलल्यावर पाट, त्यावर लाकडी फळा, कापडावर खडूची भुकटी भुरभुरून ती फडक्याने पुसून घेणे, शाईची बाटली सांडू नये म्हणून ती वाटीत ठेवणे, या क्रमात कधी फरक पडला नाही. त्यानंतर त्यांचा श्वास ऐकू येत नसे. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत आणि रेघ संपली, की सोडत. मी शेजारी अंथरुणावर पडून ते उसासे मोजत झोपी जाई. बिघडलेले कापड आई रात्रभर पाण्यात भिजत टाकी. त्याची खळ निघून गेली, की आतून मलमलीसारखे तलम सूत उघडे पडे आणि त्याचे रुमाल शिवले जात. लहान असताना माझ्या खिशात असलेले बहुतेक रुमाल हे कोठल्या तरी कालव्याचे चुकलेले नकाशे होते.

'गिरवणे' या आपल्या शब्दात एक अडचण आहे. तो पाटीवरचा शब्द आहे. ज्याला अजून स्वतःचे अक्षर नाही, त्याने दुसऱ्याच्या अक्षरावरून हात फिरवायचा, म्हणजे गिरवायचे. कित्ता गिरवणारा विद्यार्थी असतो, आणि शाळा सुटली, की गिरवणेही सुटते. मग पन्नाशीतला माणूस रोज सकाळी टेबलाशी बसून दुसऱ्याची रेघ शाईत उतरवत असेल, तर त्याला काय म्हणावे, याची सोय या शब्दात नाही. अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सच्या जगात तर अशा माणसांनी उभी आयुष्ये घालवली. त्यांतल्या पुष्कळांची नावे सुरुवातीच्या काळात छापलीही गेली नाहीत. १९६१ साली निघालेल्या 'फँटॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकाला शाई कोणी दिली, हे अंकावर लिहिलेले नाही. पुढे जाणकारांनी रेघांची वळणे तपासून ते काम जॉर्ज क्लाइन याचे असावे, असे मानले. हस्ताक्षरावरून पत्र कोणाचे ते ओळखावे, तशी ही ओळख पटवली गेली. ज्याला नुसता गिरवणारा म्हणायचे, त्याच्या हाताला स्वतःचे अक्षर असल्याशिवाय हे शक्य झाले नसते.

शाई मुळात लागे ती छपाईच्या गरजेपोटी. पेन्सिलीचा करडा, मऊ, कमीजास्त दाबाचा रंग त्या काळच्या ब्लॉकच्या कॅमेऱ्याला दिसत नसे. त्याला काळे दिसे किंवा पांढरे दिसे. त्यामुळे पेन्सिलीने काढलेले पान अक्षरे लिहून झाल्यावर इंकरकडे जाई. तो टाकाने आणि कुंचल्याने त्यावर काळी शाई देई, आणि मग खालची पेन्सिल खोडरबराने पुसून टाकली जाई. हा शेवटचा भाग मला नेहमी अस्वस्थ करतो. मूळ चित्रकाराचे प्रत्यक्ष रेखाटन त्या खोडरबराच्या चुऱ्यात जाई, आणि उरे ते इंकरने ठेवलेले. साठच्या दशकात बराच काळ मूळ पाने छापील आकाराच्या सुमारे दुप्पट, म्हणजे साधारण साडेबारा इंच बाय साडेअठरा इंच काढली जात. १९६७ च्या सुमारास ती दहा बाय पंधरा इंचांवर आली. याचा अर्थ असा, की समोर दिसणारी रेघ छापील रेघ नसे. लहान होताना ती किती बारीक होईल, बारीक रेघ स्वस्त, शोषून घेणाऱ्या कागदावर टिकेल की तुटेल, जवळजवळ ओढलेल्या पाच रेघांचा छापताना एकच काळा डाग होईल का, हे सारे हातातल्या टाकाला आधीच ठाऊक असावे लागे. वर ठिपक्यांचे रंग बसत, तेही बऱ्याचदा जागा सोडून. लाल ओठांबाहेर सरके, निळा आकाशातून इमारतीत शिरे. वाफ्यातले पाणी बांधाने अडवावे, तसा तो पसरणारा रंग काळ्या रेघेने अडवून धरलेला असे. पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या मुलाला दुसरी उपमा सुचणार तरी कशी?

पेन्सिलीची रेघ ही काही एक रेघ नसते, हेही सांगितले पाहिजे. भिंगाखाली धरली, तर ती एखाद्या कच्च्या रस्त्यासारखी रुंद, कडा विरलेली आणि कित्येकदा दुहेरी-तिहेरी असते. चित्रकाराने खांदा तीन वेळा शोधलेला असतो आणि तिन्ही शोध कागदावर तसेच असतात. शाई देणाऱ्याने त्या रुंदीतून एकच वाट चालायची असते. आतून गेला, तर खांदा सडपातळ होतो, बाहेरून गेला तर भरतो. ती कोठे जाड करायची, कोठे केसासारखी करून सोडून द्यायची आणि कोठे ओढायचीच नाही, यांतला प्रत्येक निर्णय परत न घेता येणारा असतो. अण्णा हे त्यांच्या पद्धतीने सांगत. जमिनीची उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांच्या बाबतीत ते म्हणत, की पेन्सिलवाला डोंगर दाखवतो, पण पाणी कोणत्या बाजूने वाहणार, हे शाईला ठरवावे लागते.

'फँटॅस्टिक फोर'चा पेन्सिलवाला जॅक कर्बी याच्या चित्रांवर अनेकांनी शाई दिली. शाई देणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या इतका चांगला कित्ता दुसरा नाही. १९६२ साली 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याच्या पेन्सिलीवर स्टीव्ह डिटको या चित्रकाराने शाई दिली. स्पायडर-मॅन जगासमोर प्रथम आला तो याच चित्रातून. शरीराची झेप कर्बीची आहे, पण अंगावरच्या रेघेत डिटकोची ती चिंताक्रांत, किंचित आकसलेली थरथर आहे. १९६४ च्या सुमारास चिक स्टोनने कर्बीच्या आकृत्यांभोवती जाड, ठाम कडा ओढल्या. त्या पाहिल्या, की रांगोळीच्या कडेला बोटाने दाबून रेघ पक्की करावी, तसे वाटते. आणि मग १९६५ च्या अखेरीस, 'फँटॅस्टिक फोर'च्या चव्वेचाळिसाव्या अंकापासून, जो सिनॉट कायमचा आला. त्याने १९६२ मध्ये पाचव्या अंकाला, म्हणजे डॉक्टर डूम हा खलनायक पहिल्यांदा दिसला त्या अंकाला, शाई दिली होती, पण तेव्हा तो टिकला नव्हता. आता मात्र कर्बीने १९७० मध्ये १०२ व्या अंकानंतर ते मासिक सोडेपर्यंत ही जोडी राहिली. सिनॉट न्यूयॉर्क राज्यातील सॉगर्टीझ या आपल्या गावी राही. पाने टपालाने येत आणि टपालाने जात. दोघांच्या भेटी फारशा झाल्या नाहीत. एक माणूस लाँग आयलंडवरच्या आपल्या घरात खांदा तीनदा शोधतो, आणि दुसरा दूरच्या गावात त्या तिघांतला नेमका एक निवडतो. त्यांच्यात संभाषण म्हणाल, तर तेवढेच.

भाच्याच्या हातातला खंड नेमका या काळातला होता. त्यात १९६६ सालचा एक्कावन्नावा अंक आहे. त्याच्या पहिल्याच पूर्ण पानभर चित्रात दगडी देहाचा थिंग भर पावसात रस्त्यावर एकटा उभा आहे. हे चित्र मी किती वेळा पाहिले असेल, याची मोजदाद नाही. लहानपणी मी त्यातला पाऊस पाहत असे. पुढे चेहरा पाहू लागलो. आता मात्र मी त्या खवल्यांच्या कडा पाहतो. प्रत्येक खवल्याची एक बाजू जाड आणि दुसरी बारीक आहे, आणि या जाडी-बारकाईतूनच उजेड कोठून पडतो, ते कळते. रंग देणाऱ्याने अंगभर एकच सपाट नारिंगी भरला असता, तरी चालले असते, कारण वजन, ओल आणि खांद्यांचा झुकलेपणा हे सारे काळ्यातच येऊन गेले होते. यांतले कर्बीचे किती आणि सिनॉटचे किती, हा प्रश्न मी पूर्वी विचारत असे. त्याच वर्षीच्या, ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसच्या तीन अंकांत अवकाशातली ऊर्जा दाखवण्यासाठी काळ्या गोळ्यांचे जे पुंजके येतात, ती कल्पना कर्बीची, हे उघड आहे. पण ते गोळे इतके नितळ, इतके गोल आणि एकमेकांपासून इतक्या मोजक्या अंतरावर बसवणारा हात दुसऱ्याचा आहे. सिनॉटने चेहरेही थोडे उजळले, केसांना चकाकी दिली, यंत्रांना घासूनपुसून लखलखीत केले. कर्बीच्या रांगडेपणावर त्याने फार इस्त्री फिरवली, असे म्हणणारे वाचकही आहेत, आणि एखाद्या पावसाळी संध्याकाळी मलाही ते पटते. पण कर्बी मासिक सोडून गेल्यावर पेन्सिलवाले एकामागून एक बदलत राहिले आणि सिनॉट ऐंशीच्या दशकाच्या तोंडापर्यंत शाई देत राहिला, तेव्हा त्या चौघांचे घर तेच घर वाटत राहिले, ते कोणामुळे, हे वेगळे सांगायला नको.

आता व्हिन्स कोलेटाबद्दल लिहिले पाहिजे, आणि ते मला जड जाते.

कोलेटा हा प्रेमकथांच्या कॉमिक्समधून आलेला, बारीक टाकाच्या पिसासारख्या रेघांचा माणूस होता. १९६५ पासून पुढे काही वर्षे कर्बीच्या 'थॉर' या मालिकेला त्याने शाई दिली. तो विलक्षण वेगवान होता. कोणाचे काम रखडले, अंक छापखान्यात जायला एक रात्र उरली, की त्याला बोलावले जाई आणि तो ते पुरे करून देई. हा वेग कोठून येई, तेही कालांतराने बाहेर आले. कर्बीच्या पेन्सिली पानांच्या ज्या प्रती शिल्लक होत्या, त्या छापील पानांशेजारी ठेवून पाहिल्यावर दिसले, की मागच्या गर्दीतली माणसे पुसली गेली आहेत, खिडक्यांनी भरलेली इमारत नुसती बाह्यरेषा होऊन उरली आहे, आणि तपशिलाने भरलेली आकृती सरळ काळी सावली झाली आहे. कर्बीचे चाहते त्याला आजही माफ करत नाहीत. त्यांचा राग मला समजतो. एखाद्याने रात्र जागून गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा काढावा, आणि दुसऱ्याने तो खोडरबराच्या दोन फटक्यांत नाहीसा करावा, यासारखे दुःख चित्रकाराला दुसरे नसेल.

तरीही मला कबूल करावे लागेल, की यांतले काहीही माहीत नसताना मला 'थॉर' आवडत असे, आणि आवडण्याचे कारण ती रेघच होती. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी मासिकांच्या ढिगात कधीमधी अमेरिकी कॉमिक्स सापडत. बहुधा मुखपृष्ठ फाटलेली, कडा तांबूस झालेली, आणि शिळ्या बिस्किटांच्या डब्यासारखा वास येणारी. त्यांतच मला 'थॉर'चे दोन अंक मिळाले होते. सिनॉटचे जग नव्या मोटारीसारखे चकचकीत होते. हे जग मात्र जुन्या लाकडी ठशांवरून छापल्यासारखे, ओरखड्यांचे आणि धुक्याचे होते. देव, दाढ्या, झगे आणि कडे-कपाऱ्या यांना ती खरखरीत रेघ शोभत होती. पोथीतल्या चित्रांकडे पाहताना जे वाटते, तेच मला तिथे वाटले होते. पुढे जाणत्यांचे लेखन वाचून ही रेघ वाईट असते असे कळले, तेव्हा आवडते भजन बेसूर गायले होते असे कोणी सांगावे, तसे झाले. मी दोन्ही अंक पुन्हा काढून पाहिले. रिकाम्या पार्श्वभूमी आता दिसत होत्या. रेघ मात्र अजून आवडत होती.

या ठिकाणी अण्णा पुन्हा आठवतात. रात्री दोन वाजता, सकाळच्या गाडीने नकाशा पाठवायचा असताना, आमराई दाखवणारी झाडांची चिन्हे त्यांनी मोजून तेवढीच काढली असतील का? की काही झाडे पाटाखालच्या अंधारात राहिली असतील? आमच्या घरचे भाडे, बहिणीची फी आणि माझा चष्मा ज्या वेगावर चालत होता, त्या वेगाला कोठे तरी किंमत मोजावी लागली असेलच. मी त्यांना हे कधी विचारले नाही, आणि विचारले असते तर त्यांनी उत्तर दिले असते, असेही नाही. कोलेटाच्याही घरी कोणी तरी श्वास ऐकत झोपले असेल.

कर्बी १९७० मध्ये डीसी या प्रतिस्पर्धी कॉमिक कंपनीकडे गेला, तेव्हा तेथेही त्याच्या नव्या मालिकांवर सुरुवातीला कोलेटाचीच शाई होती. पुढे माइक रॉयर आला. रॉयरने पेन्सिलीत जे आहे ते सारे, आणि तेवढेच, शाईत आणायचे, असे व्रतच घेतले होते. त्याने एकदा एका स्त्रीचा चेहरा थोडा अधिक देखणा केला, तेव्हा कर्बीने तो कापून तेथे मूळ चेहरा परत चिकटवला आणि चेहरे बदलायचे नाहीत, अशी ताकीद दिली. गंमत अशी, की त्याच सुमारास त्याच कंपनीत कर्बीने काढलेल्या सुपरमॅनचे चेहरे मात्र नेमाने बदलले जात होते. अल प्लास्टिनो आणि मर्फी अँडरसन ते पुन्हा काढत, कारण सुपरमॅन हा कंपनीच्या ठरीव साच्यातला दिसावा, असा वरिष्ठांचा आग्रह होता. रॉयरची पाने पाहिली, की कर्बी निखळ भेटतो, आडपडदा न ठेवता, थेट अंगावर येऊन. मला ती पाने पाहताना आदर वाटतो. दमायलाही होते. मूळ रेखाटन जसेच्या तसे मिळावे, ही माझी जुनी हाव होती, आणि ती पुरी झाल्यावर मी सिनॉटची आठवण काढतो, हे माझ्याच स्वभावाचे खोटेपण असेल.

अँडरसनचे नाव आलेच आहे, तर पेन्सिलवाला कर्ट स्वान आणि तो यांच्या सत्तरच्या दशकारंभीच्या सुपरमॅनबद्दल एवढेच सांगतो, की वाचकांनी दोघांच्या नावांची संधी करून 'स्वॉनडरसन' असे एकच नाव पाडले होते. पेन्सिल आणि शाई यांच्यातली शिवण दिसेनाशी झाली, की असे होते. नील अ‍ॅडम्स आणि डिक जिओर्डानो यांचा १९७१ चा बॅटमन हा असाच दुसरा जुळून आलेला संसार. पण माझ्या मते सर्वांत अवघड काम टॉम पामरच्या वाट्याला आले. जीन कोलन हा पेन्सिलीने धूर काढणारा चित्रकार होता. त्याच्या पानांवर रेघा कमी आणि छटा जास्त असत. बोटाने पसरलेल्यासारखे करडे, त्यातून अर्धवट वर येणारे चेहरे. आणि करडा तर छापताच येत नसे. ज्याला फक्त होय आणि नाही एवढीच दोन उत्तरे ठाऊक आहेत, त्याच्याकडून एखादी हुरहुर वदवून घ्यावी, तसे हे काम होते. १९६८-६९ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये पामरने ते केले. कोठे सुकत आलेल्या कुंचल्याचे फराटे, कोठे एकमेकींना छेदणाऱ्या केसासारख्या रेघा, आणि आपल्या पुढच्या कामांत कित्येकदा ठिपके छापलेला पारदर्शक कागद पात्याने कापून चिकटवणे, अशा नाना युक्त्यांनी त्याने काळ्या-पांढऱ्यातून करड्याचा भास उभा केला. येथे पेन्सिलीच्या रेघेवरून जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बऱ्याच ठिकाणी रेघ नव्हतीच. गिरवायचे तरी काय?

आपल्याकडे या कलेची ओळख वेगळ्या दाराने झाली आणि झाली हे आपल्याला कळलेही नाही. मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, ज्यांनी वाचला आहे, त्यांना दोन प्रकारचे वेताळ आठवत असतील. एक साधा, सपाट, जाडसर रेघांचा, विल्सन मकॉयचा. दुसरा सळसळत्या काळ्या जंगलातून येणारा, जबड्याखाली गडद सावली असलेला, साय बॅरीचा. बॅरीने १९६१ मध्ये मकॉयनंतर ती चित्रमालिका हाती घेतली. त्यापूर्वी तो न्यूयॉर्कमध्ये सुपरहिरोंच्या कॉमिक्सना शाई देण्याचेच काम करत असे. म्हणजे आमच्या चाळीच्या जिन्यात बसून आम्ही ज्या जंगलाला घाबरलो, ते जंगल एका इंकरच्या कुंचल्यातले होते. झाडामागे काय आहे, हे त्याने दाखवले नव्हते. तेथे त्याने नुसते काळे भरले होते, आणि कोठे भरायचे, हे त्याला दुसऱ्यांच्या चित्रांवर वर्षानुवर्षे काळे भरून कळले होते.

अण्णांनी माझे एक कॉमिक एकदाच हातात घेतले. मी तेव्हा कॉलेजात होतो. ते ऐंशीच्या आसपासचे 'एक्स-मेन' होते. जॉन बर्नची पेन्सिल आणि टेरी ऑस्टिनची शाई. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ऑस्टिन हा तांत्रिक पेनांनी, म्हणजे अण्णांकडे असलेल्या रॉट्रिंगसारख्याच पेनांनी, बरेच काम करत असे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. अण्णांनी गोष्टीकडे पाहिले नाही. मुद्दाम वाईट सांगायचे नाही, पण हवेत उडणाऱ्या त्या माणसांशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांपासून चार बोटांवर धरले आणि एका यंत्राच्या चित्रावर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "शून्य पॉइंट दोनचं पेन आहे. वळणावर कुठे थांबला नाही." एवढेच. त्यांनी कॉमिक परत दिले आणि ते जेवायला बसले. ऑस्टिन आपल्या चित्रांच्या मागच्या गर्दीत गुपचूप पॉपायसारखी भलतीच पात्रे दडवून ठेवी, हे मला पुष्कळ नंतर समजले. ते अण्णांना सांगायचे राहून गेले. ते हसले असते, आणि आपण असे काही केले होते की नाही, यावर गप्प बसले असते.

चहाचा कप घेऊन मी परत आलो, तेव्हा भाचा झोपला होता. खंड त्याच्या छातीवर उघडा होता. मी त्याला उठवून "तुला मघाशी चुकीचं सांगितलं" असे म्हणणार होतो, ते राहिले. संध्याकाळी मात्र मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. अण्णांचे टाक, गंजलेल्या निबांचा डबा, कडक होऊन बसलेला एक कुंचला आणि दगड झालेली शाई, एवढे त्यात होते. बाजारातून नवी शाई आणि दोन निबा आणल्या. भाच्याने स्वतःच पेन्सिलीने एक माणूस काढला. टोपीवाला, झगा असलेला, हात कमरेवर, असा त्याचा स्वतःचा सुपरहिरो. मी म्हणालो, याला शाई दे. त्याने उत्साहाने टाक बुडवला आणि पहिल्याच रेघेला कागदावर टपोरा थेंब पडला. दुसऱ्या कागदावर त्याने पुन्हा तोच माणूस काढला. या वेळी त्याने निब बाटलीच्या काठावर निपटून घेतली, आणि मी न सांगताच त्याने श्वास धरला. पण टाक कागदाला टेकेना.

"मामा," तो म्हणाला, "ही खांद्याची रेघ. हिच्या आतल्या बाजूने काढू की बाहेरच्या?"

मी वाकून पाहिले. पेन्सिल त्याने तीन वेळा फिरवली होती. आतून गेले, तर त्याचा सुपरहिरो किडकिडीत झाला असता आणि त्याला दिलेल्या झग्यात हरवला असता. बाहेरून गेले, तर मान आखूड झाली असती. मी म्हणालो, थांब, पाहू. आम्ही दोघे त्या खांद्याकडे पाहत राहिलो आणि तेवढ्यात निबेवरची शाई वाळून गेली.